छातीवरची डबी आणि न दिसलेली लाली

आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. कारकुनाच्या घरी वह्यांना तोटा नसतो, आणि रेघा मारण्याची खोड तर जन्माचीच. त्या वहीत आम्ही उभे रकाने पाडले होते : तारीख, ताप, जेवण, झोप, औषध दिले की नाही, आणि शेवटचा रकाना 'पोर्टवर लाली'. मार्च २०२३ मधली पाने उघडली की त्या शेवटच्या रकान्यात ओळीने अकरा दिवस आमच्याच अक्षरात एकच शब्द दिसतो, 'नाही'. बाराव्या दिवसाचा रकाना कोरा आहे. त्या रात्री आम्ही बाईला घेऊन गाडीत होतो आणि तिच्या छातीवरची कातडी फाटून आतल्या डबीची कड बाहेर दिसत होती.

बाई म्हणजे आमची थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तिचे घर आमच्या घराला लागूनच, रोहण्यातच. आर्वी तालुक्यातले हे आमचे गाव. पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे धावत होती तोवर गावाला स्टेशन तरी होते, आता एसटी आणि भाड्याची गाडी. बाईने सारी उमर निंदण-खुरपण आणि कापूस वेचण्यात काढली. २०२२ च्या दिवाळीआधी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झाले आणि मग किमोचे चक्र सुरू झाले. कोणत्या दवाखान्यात ते लिहीत नाही. जे घडले ते कुठेही घडू शकते आणि त्यात आमचाही वाटा आहे, म्हणूनच हे लिहायला बसलो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्त्यांत आता किमो हा शब्द कोणाला नवा राहिलेला नाही. आमच्या भागातून लोक सेवाग्रामला जातात, सावंगीला जातात, नागपूरला जातात, आणि ज्यांची चिठ्ठी तिकडची निघते ते १९४१ पासून उभ्या असलेल्या मुंबईच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत जातात. पण 'पोर्ट' हा शब्द अजून सगळ्यांच्या कानावरून गेलेला नाही. म्हणून आधी ती वस्तू काय ते सांगतो.

किमोची काही औषधे फार तिखट असतात. स्तनाच्या कॅन्सरला देतात ते लाल रंगाचे औषध, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल दवाई' म्हणतात आणि ज्याचे नाव डॉक्सोरुबिसिन आहे, ते शिरेतून जाते तोवर ठीक. शिरेच्या बाहेर सांडले की भोवतालचे मांस जाळते. जखम काळी पडते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. हाताच्या शिरा बारीक असतात. दोन-चार वेळा हे औषध गेले की त्या दोरीसारख्या कडक होतात आणि मग सुई लागतच नाही. शिवाय ज्या बाजूच्या स्तनाचे आणि काखेतल्या गाठींचे ऑपरेशन झाले त्या बाजूच्या हाताला शक्यतो सुई टोचत नाहीत, कारण तो हात सुजण्याचे भय असते. बाईचा डावा हात असा बाद झाला. उरला उजवा. दोन डोसांत उजव्या हाताची शीर मनगटापासून कोपरापर्यंत काळी पडली. दुसऱ्या वेळी तर सिस्टरने पाच ठिकाणी टोचले.

मग जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, बाईला पोर्ट बसवला. पोर्ट म्हणजे एक छोटी डबी. टायटॅनियम धातूची किंवा टणक प्लॅस्टिकची, रुंदीला अडीच-तीन सेंटिमीटर. तिचे झाकण जाड सिलिकॉनच्या रबराचे. डबीच्या पोटातून एक बारीक नळी निघते, ती गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत शिरते आणि हृदयाच्या तोंडाशी जाऊन थांबते. तिथे रक्ताचा प्रवाह इतका मोठा की तिखट औषध पडल्या पडल्या पातळ होऊन जाते. ही सगळी वस्तू कातडीच्या आत असते. बाहेरून फक्त एक टेंगूळ दिसते. औषध द्यायचे तेव्हा कातडीतून आणि रबरातून सुई आत घालायची, काम झाले की काढून घ्यायची. मधल्या दिवसांत माणूस अंघोळ करू शकतो, झोपू शकतो, एसटीने फिरू शकतो.

याच्या आधी छातीतून बाहेर लोंबणारी नळी असे. अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉ. रॉबर्ट हिकमन यांच्या नावाने ती नळी १९७९ पासून ओळखली जाते. बाहेर टोक असल्यामुळे तिची रोजची निगा मोठी. १९८२ मध्ये मिशिगन विद्यापीठात काम करणाऱ्या डॉ. जॉन नीडरह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णपणे कातडीखाली पुरलेल्या डबीचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. सुईही साधी चालत नाही. साधी सुई रबराचा कण कापून काढते आणि झाकण गळू लागते. त्यासाठी वाकड्या टोकाची सुई लागते, तिला ह्यूबर सुई म्हणतात. तो ह्यूबर सिएटलचा एक दंतवैद्य होता, नीडरह्यूबर नव्हे. नावांच्या सारखेपणामुळे आमचा स्वतःचा बराच घोळ झाला होता.

रबराचे झाकण हजारावर टोचण्या सहन करते असे ही डबी बनवणारे सांगतात. वरच्या कातडीची हमी मात्र कोणी देत नाही. आणि सारी भिस्त तर त्या कातडीवरच असते. ती शाबूत तोवर डबी सुरक्षित. ती उघडली की हृदयापर्यंत जाणारी वाट हवेला, घामाला, धुळीला मोकळी झाली.

पहिला महिना बरा गेला. टाके पडले त्या जागी आठ-दहा दिवस निळसर-काळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, हे आतले साकळलेले रक्त आहे, विरून जाईल. विरून गेले. मग त्या जागेवर चौकोनी खाज उठली. बारीक पुरळ, पाणी सुटले नाही पण खाजवून खाजवून बाई हैराण. आम्ही घाबरलो. पुढच्या वेळी एका वयस्क सिस्टरने पाहिल्याबरोबर सांगितले की ही चिकटपट्टीची अॅलर्जी आहे. ओळखायची खूण तिने दाखवली ती इतकी सोपी आहे की लक्षात राहते : पुरळाला पट्टीचाच आकार असतो, जिथे पट्टीची कड संपते तिथे पुरळही संपते. तिने पट्टीची जात बदलली, कातडी पुसायचे औषध पूर्ण वाळू दिले आणि मगच पट्टी लावली. ओल्यावरच पट्टी दाबली तर औषध कातडीवर कोंडते आणि जाळते, असे ती म्हणाली. आठवड्यात खाज गेली. अशा गोष्टी दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावर छापलेल्या नसतात.

कार्डावर छापलेले होते ते असे : पोर्टच्या जागी लाली, सूज, दुखणे, पू किंवा ताप आल्यास तात्काळ संपर्क साधावा. आम्ही बी.कॉम. झालेला माणूस. छापील कागदावर आमचा फार विश्वास. कार्डावर पहिला शब्द लाली होता, म्हणून वहीच्या रकान्याला आम्ही लालीचे नाव दिले.

फेब्रुवारीत लाल दवाईचे चारही डोस संपले होते आणि दर आठवड्याच्या औषधाला थोडी सवड होती. शेतात फरदडीचा कापूस निघत होता. आम्ही ऑफिसात असताना बाई दोन दिवस वेचणीला जाऊन आली. सुनेने अडवले तर म्हणाली, "हातपाय त चालून राहिले न, बसून काय करू?" मजुरीची गरज होती हे आम्हाला ठाऊक आहे, सुनेलाही ठाऊक होते, म्हणून कोणी फार ओरडले नाही. वेचणीची झोळी तिने नेहमीसारखी उजव्या खांद्यावरून अडकवली. कापूस भरत गेला तसा झोळीचा पट्टा ताणला, आणि तो नेमका डबीच्या टेंगळावरून जात होता. दोन दिवस तो पट्टा डबीवर घासला.

यातच आणखी एक गोष्ट मिळाली. किमोने बाईचे वजन उतरले होते. डबी बसवली तेव्हा कातडीखाली चरबीचा जो पातळ थर होता तोही झिजला. डॉक्टर सांगतात की डबी फार खोल बसवली तर सुई लागत नाही, फार वर बसवली तर कातडी ताणते. बसवताना बरोबर असलेली डबीसुद्धा रोगी वाळला की आपोआप वर येते. त्यात प्रत्येक वेळी सुई एकाच छिद्रावर टोचली तर ती जागा जीर्ण होते, म्हणून टोचण्याची जागा थोडी थोडी सरकवायची असते. बाईला मात्र जुन्याच छिद्रात टोचलेले आवडे. "तिथे दुखत नाही," असे ती स्वतःच सिस्टरला सांगे आणि गर्दीत सिस्टरही ऐके. दुखत नव्हते, कारण ती जागा बधिर होत चालली होती.

मार्च लागला. पहिल्यांदा बाई म्हणाली ते आम्हाला अजून आठवते. ओसरीत बसली होती. उजवा हात छातीवर ठेवून म्हणाली, "बाबू, इथं गरम लागून राहिलं." आम्ही बल्ब लावला, मोबाईलचा टॉर्च धरला, चष्मा पुसून पाहिले. लाली नव्हती. वहीत लिहिले : नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या-सहाव्या दिवशी शेजारच्या मावशीने मायेने हळद-तेल लावून दिले. त्यामुळे ती जागा पिवळी झाली आणि आम्हाला आणखीच काही दिसेना. आता आठवून पाहिले तर दिसते की बरेच काही दिसत होते. टेंगळाच्या भोवतीची कातडी बाकीच्या छातीपेक्षा गडद झाली होती, जांभळट तपकिरी. तिच्यावर तेल चोपडल्यासारखी चमक होती. डबीची गोल कड आधी स्पष्ट जाणवायची, ती सुजेत बुजली होती. पण आम्ही शोधत होतो लाल रंग, आणि लाल रंग नव्हता.

औषधाचा दिवस आला. रांगेत चार तास. तरुण डॉक्टरांनी दोन हातांवरून पाहिले. बाईने सांगितले, गरम लागते. आम्ही वही पुढे केली, रोजची नोंद दाखवली. त्यांनी आमच्या नोंदीचे कौतुकसुद्धा केले. "लाली नाही, ठीक आहे," असे म्हणून ते पुढच्या रोग्याकडे वळले. हात लावून कोणी पाहिले नाही. त्याच जागेतून सुई गेली, औषध गेले. आमच्या वहीनेच त्यांची खात्री करून दिली, ही गोष्ट आम्हाला अजून झोपू देत नाही.

दोन रात्रींनंतर बाईला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप १०३. अंगावरचा लुगड्याचा पदर ओला लागला म्हणून सुनेने दिवा आणला, तर छिद्राच्या जागी कातडी नखाएवढी उकलली होती आणि आत काहीतरी राखाडी चमकत होते. ती डबी होती. गाडी मिळायला दीड तास लागला. पुलगाव मागे पडेपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही. मग बाईच म्हणाली, "तुमी सारे लाल पाहून राहिले होते. माह्या अंगावर लाल कुठून दिसन रे?"

डबी एकदा उघडी पडली की वरून टाके घालून भागत नाही. जंतू डबीवर आणि नळीवर बुरशीच्या थरासारखे चिकटून बसतात, आणि तिथे प्रतिजैविक औषध नीट पोचत नाही. बाईची डबी आणि नळी दुसऱ्या दिवशी काढावी लागली. जखम उघडी ठेवून आतून भरू दिली. शिरेतून औषधे चालली. त्यात किमो जवळजवळ पाच आठवडे थांबली. कॅन्सरच्या उपचारात पाच आठवडे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी रोगी आहे त्यांना वेगळे सांगायला नको. त्या पाच आठवड्यांत आम्ही कॅलेंडरकडे पाहायचेही टाळत होतो.

बाईचे ते वाक्य डोक्यातून जाईना. ड्रेसिंगच्या दिवसांत तीच वयस्क सिस्टर भेटली, चिकटपट्टीवाली. तिला आम्ही सगळे सांगितले. ती म्हणाली की सावळ्या आणि काळ्या कातडीवर दाह लाल दिसत नाही. रक्त आत तेवढेच धावते, पण वरचा रंग त्याला झाकतो. तिथे कातडी नेहमीपेक्षा गडद दिसते, जांभळी, राखाडी किंवा तपकिरी. म्हणून ती डोळ्याआधी हात वापरते. बोटांची पुढची बाजू नव्हे, तळहाताची मागची बाजू, कारण तिला उष्णता चांगली कळते. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला, मग परत डाव्या. फरक असेल तर तो हाताला कळतो. मग हलके दाबून पाहायचे, मऊ आहे की फळीसारखे. तिने आमचा हात धरून शिकवले. सारे मिळून दोन मिनिटांचे काम.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट तिने सांगितली. किमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात तेव्हा जंतुसंसर्ग झाला तरी पू फारसा होत नाही, सूजही कमी येते, कारण पू बनवणाऱ्या पेशीच अंगात नसतात. म्हणजे गोऱ्या रोग्यालासुद्धा लक्षणे अंधुक असतात. सावळ्या रोग्याला तर दोन पडदे. अशा वेळी रोगी 'गरम लागते', 'ओढ बसते' म्हणतो तेच पहिले लक्षण धरायचे.

हा प्रकार आमच्या गावापुरता नाही, हे पुढे वाचताना कळले. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय शाळेतला मलोन मुक्वेंडे नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी. शिकवताना दाखवले जाणारे पुरळ, दाह, निळेपणा हे सगळे गोऱ्या कातडीवरचे, हे त्याच्या लक्षात आले. माझ्यासारख्यावर ते कसे दिसेल, असा प्रश्न त्याने केला, आणि २०२० मध्ये आपल्या दोन शिक्षकांबरोबर काळ्या-तपकिरी कातडीवरच्या लक्षणांची सचित्र पुस्तिका काढली. त्याच वर्षी, कोरोनाच्या धामधुमीत, अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची तपासणी प्रसिद्ध केली. ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असून यंत्राने तो चांगला दाखवला, अशी चूक काळ्या रोग्यांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. तो चिमटा आपण सगळ्यांनी घरोघरी बोटाला लावला होता. यंत्राच्या उजेडालाही कातडीचा रंग आडवा येतो, तिथे आमच्या मोबाईलच्या टॉर्चचे काय घेऊन बसलात!

इथले डॉक्टर तर आपल्याच रंगाचे, मग त्यांना कसे दिसले नाही, असे आम्हाला विहारात एकाने विचारले. प्रश्न बरोबर आहे. पण ज्या पुस्तकांवरून ते शिकतात त्यांत जास्त करून गोऱ्या कातडीचे फोटो असतात, आणि कार्डावरचा 'लाली' हा शब्द तिकडच्या शब्दाचे सरळ भाषांतर आहे. त्यात आपल्या समाजात कातडीच्या रंगाबद्दल बोलणे हेच कमीपणाचे. मुलीच्या स्थळाच्या वेळी 'सावळी' हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. १९७५ पासून घराघरांत शिरलेल्या त्या गोरेपणाच्या क्रीमला नावातला 'फेअर' शब्द काढायला २०२० साल उजाडावे लागले. बाईने मात्र गाडीत, तापात, सगळ्यांसमोर आपला रंग बोलून दाखवला. त्याआधी अकरा दिवस आमच्यापैकी एकालाही ते सुचले नव्हते.

आता ज्यांच्या घरी पोर्टचा रोगी आहे त्यांच्यासाठी, आमच्या नव्या वहीत काय आहे ते सांगतो. लालीचा रकाना आम्ही खोडला. त्या जागी लिहिले : दुसऱ्या बाजूपेक्षा गरम? कालच्यापेक्षा गडद? चमक? कडक? ओल? दुखते की ओढते? पाहायची वेळ सकाळची, दारात, सूर्याच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली रंगातला फरक बुजतो. पोर्ट बसवून टाके निघाले की त्याच आठवड्यात मोबाईलवर एक स्वच्छ फोटो काढून ठेवावा आणि पुढचे फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढावेत. डॉक्टरांसमोर 'बदल झाला' असे म्हणण्यापेक्षा दोन फोटो पुढे करणे सोपे जाते. हळद, तेल, पावडर काही लावू नये. ब्लाऊजची किंवा आतल्या कपड्याची पट्टी, पिशवीचा बंद, झोळी, मण्यांची जड माळ, डबीवरून काही जाऊ देऊ नये.

सुई टोचण्याआधी सिस्टरने मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घातले आहेत का, कातडी पुसल्यावर ती वाळू दिली का, वाकड्या टोकाचीच सुई आहे का, हे पाहण्याचा रोग्याला हक्क आहे. सुई लागल्यावर आधी रक्त मागे ओढून पाहतात. रक्त आले नाही तर औषध सोडायची घाई करू देऊ नये. औषध चालू असताना जळजळ झाली, टेंगळाभोवती फुगवटा आला, तर त्याच क्षणी ओरडून सांगावे. संपेपर्यंत सोसायचे नाही, बंद करायला लावायचे. सुई बाजूला सरकून तिखट औषध कातडीखाली सांडले तर मिनिटामिनिटाला नुकसान वाढते. आमच्या बाया सोसण्यात पटाईत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

ताप १००.४ च्या वर गेला, किंवा पोर्टमध्ये औषध वा पाणी सोडल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजून आली, तर सकाळची वाट पाहू नये. वरची कातडी अगदी चांगली असली तरी जंतू नळीच्या आत असू शकतात.

खर्चाचेही सांगायला हवे. पोर्ट ही हजारोंच्या घरातली वस्तू आहे. बसवण्याआधी दवाखान्यातल्या जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला स्पष्ट विचारावे की ही डबी, तिची सुई आणि पुढे काढण्याचे ऑपरेशन यातले काय योजनेत बसते आणि काय नाही, आणि उत्तर कागदावर घ्यावे. दवाखान्याने भरून दिलेला फॉर्म असेल तर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रोग्याला रेल्वेत स्लीपरचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतीच्या माणसालाही मोठी सवलत मिळते. आम्ही कारकून असूनही पहिले दोन महिने पूर्ण तिकीट काढून गेलो.

एवढे सगळे ऐकून कोणी पोर्टलाच नको म्हणेल, तर तसे करू नये. बाईला विचारले तर ती अजूनही म्हणते की हाताच्या पाच टोचण्यांपेक्षा ती डबी बरी होती. बहुतेकांची डबी कातडीखाली वर्ष-दोन वर्षे काही त्रास न देता राहते. तिची जखम भरल्यावर उरलेले नऊ डोस दंडातून आत घातलेल्या लांब नळीतून दिले गेले. जून २०२३ च्या शेवटी, पेरणीच्या दिवसांत, शेवटचा डोस झाला. डबीच्या जागी आता बोटभर लांब, उंच, गुळगुळीत वण आहे. छातीवरचे वण आपल्यासारख्या कातडीवर असे वाढतात, त्याला केलॉइड म्हणतात. हवापाणी बदलले की तो खाजतो, एवढेच. तपासणीला ती आता एकटी जाते. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले आहे, तिचा तेवढाच फायदा.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक पोरगी तिची चौकशी करत आली. तिच्या सासूला नुकताच पोर्ट बसवला होता. बाईने वहीबिही काही मागितली नाही. त्याच दिवशी तिच्याबरोबर तिच्या घरी गेली, सासूला दारात उजेडात बसवले, स्वतःचा हात आधी पदराला पुसून कोरडा केला आणि उलटा तळहात तिच्या डाव्या बाजूला टेकवला, मग उजव्या. "सारखंच हाये," म्हणाली, "पण आता तू लावून पाहाय." त्या पोरीने हात लावून पाहिला.